सरकारी बॅटरीत सांगता येत नाही

आमच्या सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की आधी दिव्याकडे बघायच्या आणि मग माणसाकडे. पेशंट कण्हत असला तरी आधी दिवा. वर टांगलेला बल्ब, त्याचा रंग, त्याच्यावर साचलेली काजळी, सगळं एका नजरेत बघून घ्यायच्या आणि मग पिशवीतून स्वतःची बॅटरी काढायच्या. एका घरात नवीकोरी ट्यूब लावली होती. मालकानं कौतुकानं ती दाखवली. सिस्टरनी त्यांना ती बंद करायला सांगितली, कारण त्यात त्यांच्या बायकोचं तोंड मढ्यासारखं दिसत होतं. बायको शेजारीच बसली होती. तिला हसू आलं, मालकांना नाही आलं.

मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात, भीमेपासून हाकेच्या अंतरावर आमचं उपकेंद्र होतं. दोन खोल्या, बाळंतपणाचं एक टेबल, चहूबाजूंनी ऊस. नर्स म्हणून माझी पहिलीच नेमणूक, आणि त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडलेली. शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारात त्या वाढल्या होत्या आणि नर्सिंगही मिशनच्याच दवाखान्यात शिकल्या होत्या. उंच, काटक, आवाज जाड. रविवारी पांढरी साडी नेसून स्कूटीवरून चर्चला जायच्या आणि येताना हमखास कुणाची तरी पट्टी बदलून यायच्या. त्यांना नाव होतं, पण गावानं ते कधी वापरलं नाही आणि मीही नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर नोंदवही ठेवली. मी पानं चाळली. शेऱ्याच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं : ‘ओठ गुलाबी, दिवसाच्या उजेडात पाहिले.’ खाली : ‘डोळे पिवळे, माझ्या बॅटरीत.’ आणि त्याच्याखाली : ‘फिकेपणा आहे का? सरकारी बॅटरीत सांगता येत नाही.’ असं पानामागून पान. मला हसू आवरेना.

त्या म्हणाल्या, “हसून झालं की वाच.”

मग कळलं की आमच्याकडे भांडारातून येणाऱ्या बॅटऱ्या त्या तशाच्या तशा वापरत नाहीत. सिस्टर त्या आधी उघडतात. पूर्वी जाड पत्र्याच्या, तीन सेलच्या, पिवळ्या उजेडाच्या बॅटऱ्या असायच्या. त्या गेल्या आणि एलईडीच्या आल्या. लखलखीत पांढऱ्या, सगळ्या सिस्टर लोकांना आवडलेल्या. आमच्या सिस्टरच्या मते तो उजेड पांढरा नव्हताच, तो निळा होता. त्यात लाल रंग मरतो आणि पिवळा फिका पडतो, आणि माणसाच्या अंगावर बघण्यासारखे रंग हेच दोन.

दुपारची ओपीडी संपली की त्यांचं काम सुरू व्हायचं. दोन विटांच्या मध्ये इस्त्री उलटी ठेवायच्या, तापता पत्रा वर. बॅटरीचं तोंड फिरवून उघडायच्या, काच काढायच्या, आतली चकचकीत वाटी काढायच्या. खाली चांदणीच्या आकाराची ॲल्युमिनियमची चकती निघायची आणि तिच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी एलईडी. तिला त्या दाणाच म्हणायच्या. चकतीच्या दोन्ही वायरी सोडवून ती इस्त्रीवर ठेवली की मिनिटभरात झाळण, म्हणजे सोल्डर, वितळायचं. मग चिमट्यानं जुना दाणा उचलायचा, टाचणीच्या टोकावर बसेल एवढी झाळणाची पेस्ट लावायची आणि नवा दाणा ठेवायचा. तो ठेवताना थोडा तिरका पडला तरी झाळण वितळल्यावर आपोआप सरकून सरळ बसतो. हे बघायला त्या मला दर वेळी बोलवायच्या. शंभरदा बघितलेलं असलं तरी बोलवायच्या.

“बघ, कसा आपसूक बसला. आता ह्याच्या पोटाला बोट लावू नको. बोटाचं तेल लागलं की मेला.”

हे सगळं त्यांना दौंडच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या मामांनी शिकवलं होतं. मामांकडे रेडिओ येईनासे झाले होते, त्यामुळे त्यांना वेळच वेळ होता. नवे दाणे मी माझ्या मोबाइलवरून मागवायचे. ते पोस्टानं यायचे, पाकिटावर दोन आकडे असायचे. पहिला चार हजार. म्हणजे उजेड दिव्यासारखा पिवळाही नाही आणि निळाही नाही, सकाळी नऊच्या उन्हाच्या जवळचा. दुसरा पंच्याण्णव. म्हणजे उन्हात जो रंग दिसतो तो त्यात जवळजवळ तसाच दिसणार. पहिला आकडा चुकला तर त्या चालवून घेत, दुसरा नव्वदच्या खाली गेला की पाकीट न फोडता परत पाठवायला लावत. अशी बदललेली बॅटरी जराशी मंद पडायची. लोक म्हणायचेही, सिस्टर, तुमच्या बॅटरीला दम न्हाई. त्यावर त्या सांगायच्या की ही लांबचं बघायला नाही, जवळचं बघायला आहे.

नव्या बॅटरीची परीक्षा घ्यायला त्यांच्याकडे एक छोटा डबा होता. एका खणात हळद, दुसऱ्यात कुंकू. खोली बंद करून त्यावर उजेड पाडायचा. कुंकू तपकिरी दिसलं की बॅटरी नापास. ख्रिश्चन बाई हळदीकुंकवाचा डबा बाळगते म्हणून त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं. आणि गावातल्या एका आजींनी, आमचं कुंकू असं इस्त्रीपाशी ठिवू नगा, म्हणून उलटा आक्षेप घेतला होता. दोन्हीकडे त्यांनी एकच उत्तर दिलं, ते म्हणजे याहून लाल आणि याहून पिवळं काही तुमच्याकडे असेल तर आणून द्या. कुणी आणून दिलं नाही. डबा राहिला.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला वर्षभर माहीत नव्हतं. एकदा चकती निवायला फरशीवर ठेवली होती आणि आम्ही दोघी चहा पीत होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे बॅटरी कशी जोडतात ते सांगावं अशा आवाजात सांगितलं.

मी येण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. नव्या बॅटऱ्यांची पहिली पेटी आली त्याच आठवड्यात एक बाळंतपण झालं. वीज नव्हती. मूल रडलं, चांगलं खणखणीत रडलं. त्याचा रंग निळसर वाटला, पण त्या उजेडात चादरही निळसर होती, बाळंतिणीचे दातही, सिस्टरचा स्वतःचा हातसुद्धा. त्यांनी मनाशी म्हटलं, उजेडच असा आहे. मूल आईच्या कुशीत दिलं. उजाडल्यावर खिडकीतून ऊन आलं, चादर पांढरी झाली, हात हातासारखा झाला, आणि मूल होतं त्याच रंगाचं राहिलं. दौंडला पोचेपर्यंत ते गेलं.

“चौकशी झाली. माझी चूक निघाली न्हाई,” त्या म्हणाल्या. “मंग कुणाची, ते कुणी इचारलंच न्हाई.”

त्यानंतर त्यांनी बॅटरीबद्दल वर लिहिलं. दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून त्या नोंदवहीत लिहू लागल्या. नोंदवही तरी कुणीतरी तपासतंच.

ती तपासली गेली ती माझ्या दुसऱ्या वर्षी. तालुक्याचे नवे साहेब तपासणीला आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना व्यवस्थितपणाची फार आवड होती आणि शेऱ्याच्या रकान्यात सरकारी बॅटरीची बदनामी बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यात कपाट उघडलं तर चार बॅटऱ्यांच्या तोंडावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे. आठ दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली : शासकीय वस्तूत विनापरवाना छेडछाड आणि नोंदवहीत अनावश्यक मजकूर. खुलासा मासिक सभेत समक्ष द्यायचा होता.

सभेला पन्नासेक माणसं होती, निम्म्याहून जास्त आमच्यासारख्या नर्सा. साहेबांनी त्यांना उभं केलं. त्यांनी खुलाशाचा कागद दिला नाही, एक मिनिट मागितलं. खिडक्या लावून घेतल्या, दिवे बंद करायला लावले. मग पिशवीतून कापसाचे दोन बोळे काढून साहेबांच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवले. एकावर जखमेला लावायचं तपकिरी आयोडिनचं औषध होतं. दुसऱ्यावर रक्त होतं, त्यांचं स्वतःचं. सभेला येण्याआधी त्यांनी बाहेरच्या नळापाशी सुईनं बोट टोचून घेतलं होतं, मी शेजारीच होते. त्यांनी साहेबांच्या हातात भांडारातली बंद खोक्यातली कोरी बॅटरी दिली.

“ह्यातलं रक्त कुठलं ते सांगा, साहेब.”

साहेबांनी बॅटरी लावली. दोन्ही बोळे तपकिरी दिसत होते. ते वाकले, बॅटरी जवळ नेली, लांब नेली. शेवटी डावीकडच्यावर बोट ठेवलं. सिस्टरनी आपली बॅटरी पेटवली. उजवीकडचा बोळा लाल झाला, मागच्या रांगेतूनही दिसला.

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं असं मला अजून वाटतं, कारण मग तो विनोद झाला असता आणि साहेबांना सोडून देता आलं असतं. त्या शांततेत त्यांना माघार घेता येईना. ही सभा आहे, जादूचे प्रयोग नव्हेत, असं ते म्हणाले आणि दिवे लावायला सांगितले. महिनाभरात आदेश आला. सिस्टरना ताकीद, तिची सेवापुस्तकात नोंद. उघडलेल्या बॅटऱ्या भांडारात जमा कराव्यात. नोंदवहीतला तो मजकूर बंद करावा.

बॅटऱ्या त्यांनी दुसऱ्याच दिवशी जमा केल्या, पुसूनबिसून. मजकुराबद्दल एका ओळीचं उत्तर दिलं : जे दिसत नाही ते दिसलं असं मला लिहिता येणार नाही. मग यवतच्या बाजारातून स्वतःच्या पैशानं दोन बॅटऱ्या घेतल्या, त्यांचे दाणे बदलले आणि एक माझ्यापुढे ठेवली.

मी ती घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी सरकारी बॅटरी वापरू लागले आणि शेऱ्याचा रकाना कोरा सोडू लागले. सिस्टरनी ते पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच हंगामात नदीकडच्या फडात मराठवाड्यातून ऊसतोडीची टोळी उतरली होती. एका पहाटे निरोप आला म्हणून आम्ही दोघी स्कूटीवरून गेलो. धुकं होतं, फटफटायला अजून वेळ होता. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, वाकून शिरावं लागलं. आत एक विशीतली पोर आणि तिची सासू. उपकेंद्रातल्या टेबलापर्यंत न्यायला वेळच नव्हता, आम्ही पोचल्यावर दहा मिनिटांत मुलगी झाली. रडली. सिस्टर वार पडायची वाट बघत आईपाशी थांबल्या आणि बाळ माझ्याकडे आलं. मी पुसलं, गुंडाळलं, बॅटरी मारून पाहिलं. हातपाय निळसर होते, ते नव्या बाळाचे असतातच. बाकी सगळं पांढरं. ठीक आहे, म्हणाले.

सिस्टरनी मान न वळवता विचारलं, “जीभ?”

“ठीक दिसते.”

“ठीक म्हंजी कुठला रंग?”

मी पुन्हा पाहिलं. मला रंग सांगता येईना. खरंच येईना. तिथे काहीतरी करडं होतं आणि मी त्याला ठीक म्हटलं होतं.

त्यांनी मोकळ्या हातानं पिशवीतली आपली बॅटरी काढून माझ्याकडे दिली. मी ती लावली. आधी सासूच्या हातातल्या बांगड्या दिसल्या, हिरव्या. मग बाळंतिणीचं लुगडं, लाल काठाचं. पाचट पिवळं झालं. आणि त्या सगळ्या खऱ्या रंगांच्या मधोमध बाळानं रडायला तोंड उघडलं, तर आतली जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी.

“सिस्टर,” मी म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सासूला सांगितलं की पोरीला लगेच न्यायचंय. सासू म्हणाली, रडतिया की चांगली, कशाला न्यायची. सिस्टर तिला म्हणाल्या, “आजी, एक असंच चांगलं रडणारं मी घरी ठिवलं व्हतं. आता न्हाई ठिवणार.”

अँब्युलन्स फडापर्यंत येईना, तेव्हा बाळाला पोटाशी धरून मी रस्त्यापर्यंत चालले, सिस्टर आईला बैलगाडीतून घेऊन मागून आल्या. दौंडहून पुढे पुण्याला. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या उलट्या जोडलेल्या होत्या. आठवड्यात ऑपरेशन झालं. पुढच्या हंगामात टोळी परत आली तेव्हा ती आईच्या कडेवर होती आणि सिस्टरनी तिची जीभ बघायला तोंड उघडलं तर त्यांच्या बोटाला चावली. गुलाबी, असं सिस्टरनी मला मुद्दाम ओरडून सांगितलं.

पण ते पुढचं. त्या दिवशी दुपारी उपकेंद्रात परत आल्यावर मी नोंदवही ओढली आणि शेऱ्यात लिहिलं : ‘सरकारी बॅटरीत सांगता आलं नाही. दुसऱ्या बॅटरीत जीभ जांभळी.’ खाली पूर्ण नाव लिहून सही केली. बाळ दगावलं असतं तर चौकशीत माझीही चूक निघाली नसती, हे मला सारखं आठवत होतं.

सिस्टरनी ती ओळ वाचली. “जांभळी का जांभळट?”

“जांभळी.”

“मंग राहू दे.”

साहेबांनी माझाही खुलासा मागवला. मी त्यांच्यासमोर उभं राहून जे झालं ते सांगितलं आणि ती ओळ खोडायला नकार दिला. त्यांनी बराच वेळ कागद इकडेतिकडे केले. मला ताकीद आली नाही, बॅटऱ्याही बदलल्या नाहीत. मला कायम व्हायला मात्र सहा महिने जास्त लागले. त्या सहा महिन्यांत आजूबाजूच्या उपकेंद्रांतल्या पाच जणी, आपापल्या बॅटऱ्या पदराखाली घेऊन, दुपारच्या वेळी आमच्याकडे येऊन गेल्या.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि दौंडला दोन खोल्यांत राहायला गेल्या. चार-पाच वर्षांनी एके दिवशी फोन आला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्याचं, ये. मी गेले. काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या, पुढ्यात पांढरा रुमाल पसरलेला. चष्मा वर करून एकदा हा डोळा झाकत होत्या, एकदा तो.

त्यांनी मला समजावून सांगितलं. नव्या डोळ्याला रुमाल पांढरा दिसत होता. जुन्या डोळ्याला तोच रुमाल चहा सांडून वाळल्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं पडत जातं, माणसाला पत्ता लागत नाही. कधीपासून पडलं ते त्यांना सांगता आलं नव्हतं.

“म्हंजी नोकरीची शेवटची काही वर्षं मला निळं कमीच दिसत असणार,” त्या म्हणाल्या. “आन् पिवळं जास्ती.”

मला बोलल्याशिवाय राहवेना. मी म्हणाले, कोपीतली ती जीभ मी पाहिली होती आणि माझे डोळे तरणे होते. सभेत पन्नास जणांनी बोळा पाहिला होता. आणि ते पहिलं मूल गेलं तेव्हा तुम्हीही पन्नाशीच्या आतच होतात.

त्यांनी हात वर केला. “तू माझी वकिली करू नको.”

उशाशी एक पत्र लिहून ठेवलं होतं. त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं की सेवेच्या शेवटच्या वर्षांत माझ्या डोळ्यांत हा दोष असण्याचा संभव आहे, तरी त्या काळात मी निळ्यापिवळ्याबद्दल केलेल्या नोंदी तेवढं लक्षात ठेवून वाचाव्यात. आणि भांडारातल्या बॅटऱ्यांचा उजेड पूर्वी दाखवून दिल्याप्रमाणे सदोष आहे, तो अजूनही बदललेला नाही.

मी म्हणाले, हे पत्र दिलंत तर ते एवढंच म्हणतील की म्हातारीलाच दिसत नव्हतं. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात जाईल.

“म्हनू दे. निम्मंच खरं लिवलं तर माझ्यात आन् त्यांच्यात काय फरक ऱ्हाईला?”

डॉक्टरांनी आठवडाभर बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. चौथ्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून तालुक्याच्या ऑफिसात घेऊन गेले. साहेब कधीच बदलून गेले होते. नव्या साहेबांनी उभ्याउभ्या पत्रावर नजर फिरवली आणि सांगितलं की मावशी, तुम्ही निवृत्त झालात, तुमची फाइल बंद झाली. सिस्टर म्हणाल्या, मग उघडा. साहेब मीटिंगला निघून गेले. आम्ही आवक टेबलासमोरच्या बाकावर बसलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली. चहा आला, तो आम्हाला कुणी विचारला नाही. चार वाजता क्लार्कनं सुस्कारा सोडून वही पुढे ओढली.

“विषय काय लिहू, मावशी? तक्रार का माफी?”

“दोन्ही न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “माहिती.”

त्यानं तसं लिहिलं, पत्राच्या प्रतीवर शिक्का मारला आणि प्रत त्यांच्याकडे सरकवली. सिस्टरनी काळा चष्मा कपाळावर चढवला, प्रत नव्या डोळ्याजवळ धरली आणि सावकाश वाचली. मग ती परत त्याच्या पुढ्यात ठेवली.

“तारीख उमटली न्हाई. दुसऱ्यांदा मारा.”